मंत्रिमहोदय, आम्हाला ॲपचं नाव माहीत आहे, ते वापरायला कुणी शिकवलेलं नाही

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. पहिली ते पाचवी, खोल्या दोन, आणि रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चढायचं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो. पुस्तक पावसात भिजलं, कोड पुसट झाला, कॅमेरा तो वाचेना, तर तेवढा संकेत ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपमध्ये टाइप केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. ते आधीच डाउनलोड करून ठेवलं तर वर्गात नेट लागतच नाही. ‘दीक्षा’ सुरू झालं ५ सप्टेंबर २०१७ ला. मला हे कळलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तेही एका लग्नाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या दुसऱ्या केंद्रातल्या (म्हणजे शेजारच्या शाळांच्या दुसऱ्या गटातल्या) बाईंकडून. दुसऱ्याच दिवशी सड्यावर जाऊन पाचवीचे अपूर्णांकाचे व्हिडिओ उतरवून घेतले. पाव आणि अर्धा यांत सतत गोंधळणारी माझी एक मुलगी तो व्हिडिओ तीनदा बघून फळ्यापाशी आली आणि तिने स्वतः भाकरी काढून तिचे भाग पाडले. आधीच्या वर्षांतल्या मुलांना हे मिळालं नाही, याची मला फार खंत आहे.

प्रशिक्षणं झाली नाहीत असं नाही. ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाचे ऑनलाइन कोर्स मी पूर्ण केले, प्रमाणपत्रं फाइलला लावली. पण तिथे आम्ही व्हिडिओ पाहिले, प्रश्नांची उत्तरं दिली आणि पुढे सरकलो. माझ्या मोबाइलवर, माझ्या पाठासाठी, हे साहित्य शोधायचं कसं, हे कुणी शेजारी बसून दाखवलं नाही. वरून विचारणा होते ती किती जणांनी नोंदणी केली याची. वर्गात काय वापरलं, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास धरले आहेत. त्यातले फक्त सहा तास आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, द्या. भाषणं नकोत. प्रत्येकाने पुढच्या महिन्याचा एक पाठ आणावा, साहित्य शोधावं, उतरवावं, आणि नेट बंद करून तिथेच शिकवून दाखवावं. केंद्रातल्या ज्या शिक्षकांना हे येतं त्यांनाच साधनव्यक्ती करा, बाहेरून कुणी आणायची गरज नाही. निवृत्तीला आलेले आमचे गुरुजी तरुण सहकाऱ्याला विचारायला कचरत नाहीत; मोठ्या सभागृहात हात वर करायला मात्र कचरतात.

आणि हे एप्रिलमध्ये करा. शाळा १५ जूनला उघडते, तोवर आमच्याकडे मृगाचा पाऊस लागलेला असतो, वीज दोन-दोन दिवस येत नाही आणि सड्यावर जाणंही होत नाही.

आपली नम्र,
राजापूर तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका