मदर तेरेसांचा अंधार आणि आमची कोरडी प्रार्थना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

५ सप्टेंबरच्या मदर तेरेसांच्या स्मृतिदिनानंतर आपल्या वाचकपत्रांत एका वाचकांनी लिहिलं होतं, की ज्या बाईंना स्वतःलाच देव जाणवत नव्हता त्यांना संत म्हणणं ही फसवणूक आहे. त्या पत्राचा मला राग आला नाही, पण दोन दिवस झोप लागली नाही. कारण त्या पत्रात मला मीच दिसले.

मी वसईतली, जन्माने कॅथलिक, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी ईस्टरआधीच्या उपवासकाळात, येशूच्या दुःखसहनाचं स्मरण करणारी क्रूसाच्या वाटेची प्रार्थना म्हणताना लक्षात आलं, की शब्द ओठांवरच राहताहेत. घरात कोणी गेलं नव्हतं, कसलं संकट नव्हतं. वाटलं, थकवा असेल. ईस्टर आला नि गेला. नाताळात नातवंडांबरोबर येशूजन्माचा गोठा सजवला, आत काही हललं नाही. मग रात्री एकटी असताना प्रश्न यायला लागला : समोर कोणी ऐकतंय का?

एका प्रार्थनासभेत हे धीर करून बोलले. उत्तर मिळालं, ‘काही पाप लपवून ठेवलंय का, आठवून बघा.’ मी आठवून बघितलं. महिनोन् महिने आठवत राहिले. त्यानंतर कोणालाच काही सांगितलं नाही. चर्चच्या गायनवृंदात उभी राहून गायचे आणि शेजारणीच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिचा हेवा करायचे.

मनातल्या अशाच अंधाराबद्दल मदरनी लिहिलेली पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ती नष्ट करावीत अशी त्यांचीच विनवणी होती, पण ती राहिली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या आगगाडीत त्यांना गरिबांत जाण्याची हाक ऐकू आली. १९४८ मध्ये मठ सोडून त्या कोलकात्याच्या वस्त्यांत उतरल्या आणि त्या सुमारासच देव जवळ असल्याचा आतला गोडवा आटला. १९५८ मधले काही आठवडे सोडले, तर १९९७ मध्ये डोळे मिटेपर्यंत तो परत आला नाही. वाचक म्हणतात ते इतपत खरं आहे. पण ही पत्रं त्यांनी कोणाला लिहिली? आपल्या धर्मगुरूंना. आणि ती लिहून झाल्यावर काय केलं? दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा प्रार्थनेला बसल्या. जवळजवळ पन्नास वर्षं. याला फसवणूक म्हणायचं असेल, तर निष्ठा कशाला म्हणायचं?

या कहाणीतला एक माणूस आपल्या महाराष्ट्रातला म्हणायला हवा. पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात अनेक वर्षं शिकवलेले ऑस्ट्रियन येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू फादर जोसेफ नॉयनर. १९६१ मध्ये मदरनी त्यांच्यापाशी मन मोकळं केलं. फादरनी त्यांना कुठलं पाप आठवायला लावलं नाही. त्यांचं म्हणणं असं होतं : या अंधारावर माणसाच्या हाती उपाय नाही, तेव्हा त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. येशू जवळ आहे असं वाटणं हा तो जवळ असल्याचा एकमेव पुरावा नव्हे, त्याच्यासाठी जीव तळमळतो हीच त्याची खूण. आणि हा अंधार तुमच्या कामाचाच भाग समजा. मदरनी पुढे त्यांना कळवलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा अंधार आपलासा वाटू लागलाय. फादर नॉयनर शंभरी ओलांडून २००९ मध्ये पुण्यात वारले. तिथून चार तासांवर राहणाऱ्या मला त्यांचं नाव साठी उलटल्यावर कळलं, याची मला फार हळहळ वाटते.

सोळाव्या शतकातल्या स्पेनमधले क्रूसाचे संत योहान यांनीही हेच ओळखलं होतं. ज्याची श्रद्धा नुसती सैल झालीय, त्याला प्रार्थना कोरडी झाल्याची काळजी वाटत नाही. खऱ्या कोरडेपणात माणूस, आपण देवाला अंतरलो की काय, या धास्तीने कासावीस असतो. मात्र झोप उडाली, अन्न नकोसं झालं, जगणंच नको वाटलं, तर आधी डॉक्टरांकडे जावं. तिथे अध्यात्माचं नाव देऊन थांबू नये.

आमच्या वसईत बावखलं, म्हणजे पाणी साठवणारी छोटी तळी, आहेत. मे महिन्यात बावखल तळाला जातं, भेगा पडतात. जुन्या माणसांनी म्हणून ते कधी बुजवलं नाही. गाळ काढायचे आणि मृगाची वाट बघायचे. आमच्याकडे ज्यांनी ते बुजवून इमारती उठवल्या, त्यांच्या विहिरी आता मचूळ आहेत. मी संध्याकाळी रोझरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसते ती अशीच. काही वाटत नाही, तरी बसते. गल्लीतल्या अंथरुणाला खिळलेल्या आजींना पेज नेऊन देते. चर्चमधली रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) चुकवत नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत धर्मगुरूंना एक विनंती आहे. येत्या उपवासकाळात एका रविवारी बायबलमधल्या अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर प्रवचन द्या. सगळ्या स्तोत्रांत ते बहुधा सर्वांत काळोखं. शेवटच्या ओळीतही उजेड नाही, तरी ते बायबलात आहे आणि देवाला उद्देशूनच आहे. मागच्या बाकांवर बसलेल्यांपैकी कोणाला ते हवं आहे, हे तुम्हाला चेहऱ्यावरून कळणार नाही. मी सहा वर्षं गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी होते.

आपली,
एक वाचक, वसई