आधी मोकळी जागा बघ

कोल्हापूर,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सम्या,

तू पाठवलेला तुझ्या फुटबॉल मॅनेजर गेममधल्या टीमच्या मांडणीचा फोटो जेवता जेवता उघडला आणि ताट तसंच राहिलं. ४-२-३-१ (चार बचावाला, दोन मध्ये, तीन त्यांच्या पुढे, एक स्ट्रायकर), दोन्ही फुलबॅक म्हणजे कडेचे बचावपटू हल्ल्यावर, दोन्ही विंगर म्हणजे त्यांच्या पुढचे कडेचे खेळाडू आत घुसणारे आणि मधल्या जोडीत जागेवर थांबणारा एकही नाही. सहा सामन्यांत पंधरा गोल केलेस, चौदा खाल्लेस. आणि आता म्हणतोस, नवा स्टॉपर (बचावातला मधला खेळाडू) विकत घेतो!

अरे, पैसे घालवू नकोस. ते चौदा गोल परत लाव, आपल्याकडून बॉल जातो तिथे पॉज कर आणि कोण कुठे उभा आहे ते कागदावर मांड. मी हे केलं तेव्हा माझे बहुतेक गोल उजव्या फुलबॅकने सोडलेल्या जागेतून आलेले निघाले. स्टॉपरला महिनाभर उगाच दोष देत होतो.

इंग्लंडच्या लीगमधलं २०१५-१६ चं लेस्टर आठवतंय? लीगच्या पहिल्या नऊही सामन्यांत त्यांनी गोल खाल्ला होता. आर्सेनलने लेस्टरच्याच मैदानावर त्यांना ५-२ ने धुतलं, तेव्हा त्यांच्या मॅनेजरने, रानिएरीने, दोन्ही फुलबॅक बदलले. सिम्पसन आणि फुक्स आले. उजवीकडे महरेझ डाव्या पायाचा, सारखा आत वळणारा, म्हणून त्याच्या मागे सिम्पसन थांबायचा. डावीकडे ऑलब्रायटन रेषा धरून वर-खाली पळायचा. ओकाझाकी स्ट्रायकर असूनही मागे येऊन मधली फळी भरायचा, त्यामुळे वार्डीला पुढे राहता यायचं. आणि मधल्या फळीतला कांते! त्याच्याबद्दल लिहायला बसलो तर पहाट होईल. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्याच, तरी ३८ पैकी तीनच सामने हरले. एक निघाला की त्याची जागा कोण धरणार, हे पक्कं असायचं. मी समतोल म्हणतो तो हा.

तू डावा फुलबॅक जाऊ दे, पण त्या बाजूच्या मिडफिल्डरला 'डिफेंड' ड्यूटी, म्हणजे मागे थांबायचं काम, दे. उजवा फुलबॅक मागेच ठेव, त्याच्या पुढे रेषेवरचा विंगर. हा विंगर एक ओळ खाली आण, कारण तुझ्या फुटबॉल मॅनेजर २०२४ मध्ये बोर्डावर दिसते ती बॉल नसतानाची मांडणी. वर ठेवलास तर तो फारसा मागे येणार नाही.

एवढंच बदल आणि पाच सामने हात लावू नकोस, खेळाडूंना नवी मांडणी अंगवळणी पडायला वेळ लागतो. स्टॉपरचा सौदा तोवर थांबव. शनिवारी रात्री फोन कर, मी जागा असेन.

तुझाच,
पक्या