पंप बदलण्याआधी गेज लाव

प्रिय मित्रा,

काल फोनवर म्हणालास, "स्टीअरिंग जड झालंय, पंपच बदलून टाकतो." तेव्हापासून मला चैन नाही. पॉवर स्टीअरिंगच्या पंपाला, म्हणजे ऑइल दाबाने ढकलून स्टीअरिंग हलकं करणाऱ्या पंपाला, इतक्यात हात लावू नकोस. मागच्या गाडीला मी मेकॅनिकच्या शब्दावर नवा पंप बसवला आणि पहिल्याच वळणावर स्टीअरिंग तितकंच जड! रॅकच्या, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाच्या, आतले सील गेले होते. गाडी दुसऱ्यांदा उघडली तेव्हा कुठे कोणीतरी ऑइलचा दाब मोजणारं गेज लावलं.

आधी टायरची हवा, बेल्टचा ताण आणि टाकीतलं ऑइल बघ. बेल्ट घसरत असेल तर चांगला पंपही दाब देणार नाही.

गेज पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या प्रेशर पाइपात बसवायचं, इंजिन बंद असताना. गेज पंपाच्या बाजूला, त्याच्याबरोबरचा ऑइलची वाट बंद करणारा व्हॉल्व्ह रॅकच्या बाजूला. उलटं बसलं तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाब गेजपर्यंत पोचणारच नाही. मग ऑइल भरून, पुढची चाकं उचलून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव, म्हणजे हवा निघेल. ऑइलला फेस असेल तर काटा थरथरत राहतो, त्या आकड्याचा उपयोग नाही. ऑइल चांगलं गरमही होऊ दे.

आता इंजिन आयडलिंगला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, स्टीअरिंग सरळ. दाब साधारण 10 बारच्या आत हवा. मग व्हॉल्व्ह बंद कर. काटा झपकन चढतो. बऱ्याच गाड्यांत 70 ते 100 बार, पण तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्येच बघ. बंद ठेवायचं ते फार तर पाच सेकंद. ऑइलला पुढे वाट नसते, पंपातला जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह ते पंपातच फिरवत राहतो आणि पंप भराभर तापतो. मध्ये थोडं थांबून तीनदा बघ. आकडा कमी आला तर दोष पंपात, किंवा नुसता त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने अडकलेला असतो.

आकडा बरोबर आला तर खरी परीक्षा पुढे. व्हॉल्व्ह उघडा ठेव, कोणालातरी स्टीअरिंग फुल लॉकला, म्हणजे एका बाजूला अगदी टोकापर्यंत, न्यायला सांग, पुन्हा पाच सेकंदच. दाब मघाइतकाच चढला पाहिजे. माझ्या गाडीत बंद व्हॉल्व्हला 85 बार दिसले होते आणि डाव्या लॉकला काटा 50 वर जाऊन थांबला. उरलेला दाब रॅकमध्ये आतल्या आत गळत होता. बाहेर ऑइलचा एक थेंब नव्हता, आणि मी मात्र चांगला पंप काढून टाकला होता. अजून वाईट वाटतं.

एक मात्र कळकळीने सांगतो, जोडातून गळतंय का हे बोटाने चाचपू नकोस. इतक्या दाबाची बारीक धार कातडीत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धर, आणि डोळ्यांना चष्मा लाव.

व्हॉल्व्ह बंद असतानाचे तिन्ही आकडे आणि दोन्ही लॉकचे आकडे कागदावर लिहून मला पाठव. मग पंप काढायचा की रॅक, ते दोघं मिळून ठरवू.

तुझाच,
जुना मित्र