'सर्व्हर डाऊन' म्हणजे नेमकं काय?

संपादक महाशय,

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत एका रात्री आमच्या भागातलं नेट दोन तास बंद होतं. सकाळी फोन करणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर मिळालं, 'सर्व्हर डाऊन होता.' ते उत्तर देणाऱ्यांत मीही होतो. मी इथल्या एका पुरवठादाराकडे नाइट शिफ्ट करतो. खरं कारण आम्हालाच सापडलं नाही, कारण ते आम्हीच आमच्या हातानं पुसलं.

आमचे स्विच, म्हणजे नेटची वाहतूक पुढे पाठवणारी यंत्रं, ओपनडेलाइट या कंट्रोलर सॉफ्टवेअरच्या हुकमावर चालतात. डेटाचं कुठलं पॅकेट स्विचच्या कुठल्या पोर्टनं जायचं, हे तो ठरवतो. त्याचा लॉग, म्हणजे काय घडलं याची आपोआप होणारी नोंद, नेहमीसारखा 'इन्फो' या मोजक्या नोंदींच्या पातळीवर होता. बिघाड शोधायला फक्त ओपनफ्लोच्या, म्हणजे स्विचशी बोलणाऱ्या भागाला 'डीबग' ही बारीकसारीक नोंदींची पातळी लावायची तर एका ओळीची कमांड पुरते. पण घाईत त्या भागाचं नाव टाकायचं राहिलं, आणि नाव नसलं की कमांड थेट रूट लॉगरला, म्हणजे सगळ्याच भागांना लागते. झालं! कंट्रोलरचा कोपरान् कोपरा बडबडायला लागला. आमच्याकडे लॉगच्या दहाच फायली फिरत्या; नवी आली की सगळ्यात जुनी जाते. पाऊण तासात पहिली एरर असलेली फाइलच गेली. उरलेल्या ओळींचाही मेळ बसेना. कंट्रोलरचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, स्विचचं भारतीय वेळेवर. पहाटे तीनला मी बोटांवर साडेपाच तास मिळवत बसलो होतो.

माझे वडील यंत्रमागावर होते. एखादा धागा तुटला की माग थांबायचा, ते तेवढाच धागा जोडून पुढे जायचे. त्यासाठी उभ्या धाग्यांचा अख्खा बीम उलगडलेला मी कधी पाहिला नाही.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपायचे आहेत, घड्याळंही एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळं आम्ही त्या रात्रीनंतर त्याच आठवड्यात जुळवली. लॉग वेगळ्या मशीनवर साठवा, असं मात्र मी दोनदा लेखी दिलंय. 'नेट चालू आहे ना?' एवढंच वरून उत्तर आलं.

आपल्या बातमीदारांना एक विनंती. पुढच्या वेळी नेट गेलं की 'कधी येणार?' एवढ्यावर थांबू नका, त्या रात्रीचे लॉग आहेत का, तेही विचारा. आमच्यासारख्यांना आतून मागायला थोडा जोर येईल.

– एक नाइट शिफ्टवाला, साखर पेठ, सोलापूर