सर, कोच होण्याची वाट दाखवलीत, त्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

जूनपासून एका कॉलेजच्या जलतरण संघाची जबाबदारी माझ्याकडे आली. पेढे घेऊन तुमच्या घरी आले, पण तुम्ही लगेच रिलेला कोण कोण आहे ते विचारायला लागलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानायला हवेत, म्हणून हे जाहीर पत्र.

स्पर्धा संपल्या की पोहणाऱ्या मुलीनं पुढे काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगत नव्हतं. माझी शेवटची आंतरविद्यापीठ स्पर्धा झाली तेव्हा तुम्ही डायरीच्या मागच्या पानावर सगळं मांडून दाखवलंत. आधी जीवरक्षकाचं प्रशिक्षण. मग एनआयएसचा, म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स, आणि जमेल तेव्हा वर्षभराचा डिप्लोमा. कॉलेजात कायमची नोकरी हवी असेल तर ती शारीरिक शिक्षण संचालकाची, त्यासाठी एम.पी.एड. ही शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नुसता कोच बहुतेक ठिकाणी मानधनावर असतो आणि सुट्टीत तेही थांबतं, हे तुम्ही स्वतःचं उदाहरण देऊन सांगितलंत. इतकं खरं सांगणारी माणसं फार थोडी भेटतात, सर.

काम मात्र तुम्ही तलावाच्या काठावरच शिकवलंत. मला संघ हवा होता, तुम्ही पहाटेची नवशिक्यांची बॅच दिलीत. पाण्यात तोंड घालायला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना बुडबुडे काढायला, तरंगायला शिकवताना धीर कसा द्यायचा ते कळलं. मग एकदा तुम्ही मला फरशीवर चक्क पालथं झोपायला लावलंत, डोळे पाण्याच्या पातळीला. "वरून सगळ्यांचंच पोहणं छान दिसतं. इथून कोपर बघ." आणि दिसलं: शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या परतीच्या पन्नासात एका मुलाचं कोपर खाली पडत होतं, हाताला पाणी मागे ढकलता येत नव्हतं, स्ट्रोक म्हणजे हाताचे फटके वाढत होते आणि वेग कमी होत होता. घड्याळानं फक्त वेळ वाढल्याचं सांगितलं असतं.

त्या दिवशी तुम्ही अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जलतरण कोच जेम्स काउन्सिलमन यांच्याबद्दल बोललात. पोहणाऱ्यांचं पाण्याखालून चित्रीकरण करून त्यांनी स्ट्रोकचा अभ्यास केला. ऑलिंपिक विजेता मार्क स्पिट्झ त्यांच्याच हाताखाली पोहला, 1968 ते 1973 अशी सलग सहा वर्षं त्यांच्या संघानं अमेरिकेतलं राष्ट्रीय विद्यापीठ विजेतेपद मिळवलं, आणि 1979 मध्ये वयाच्या 58 व्या वर्षी ते स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. तुम्हाला खाडीची गोष्ट प्रिय. मला जास्त धीर दिला तो त्याआधीच्या वर्षांनी: शिक्षण, डॉक्टरेट, कोर्टलंडच्या कॉलेजातली नोकरी, आणि मग कुठे इंडियाना.

2020 मध्ये तलाव बंद झाले आणि माझं मानधनही. मी हे काम सोडायच्या विचारात होते. तुम्ही घरी येऊन बाबांशी बोललात. काठावर बाई कोच असली की आईवडील मुलींना निर्धास्तपणे पाठवतात, म्हणून हिनं हे सोडू नये, असं तुम्ही त्यांना समजावलंत. पुढे डिप्लोमाच्या फीचा पहिला हप्ता तुम्ही भरलात आणि कुणाला सांगायचं नाही अशी तंबी दिलीत. स्वतः मानधनावर असताना! ती तंबी मी आज मोडते आहे. रागवा हवं तर.

संघात यंदा मुलांपेक्षा मुली जास्त आहेत, हे तुम्हाला कळवायचंच होतं. त्यातली एक मला विचारत होती, कोच व्हायला काय करावं लागतं. तिच्यासाठी मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून दिलं आहे, मानधनासकट.

येत्या शनिवारी निवड चाचणी आहे. सकाळी सहाला या. बटरफ्लायच्या एका मुलीची प्रत्येक स्ट्रोकमधली दुसरी किक उशिरा पडते, हे मला दिसतंय, पण का ते सापडत नाही. तुमची नजर हवी आहे.

तुमची विद्यार्थिनी