गाड्यांचे नियम लेखी हवेत

महोदय,
रावेर-यावलची केळी उत्तरेत पोहोचवणाऱ्या अनेक मालकांकडे पाच-दहा ट्रक असतात, पण लेखी नियम एकही नसतो.

सुरुवात टायरपासून करावी. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांजवळ जातो. तापलेल्या टायरचा दाब जास्त दिसतो, म्हणून वाटेत हवा काढली जाते. मग टायर कमी हवेवर धावतो, त्याच्या बाजू दुमडत राहतात, तो आणखी तापतो आणि फुटतो. दाब पहाटे, गाडी निघण्यापूर्वीच मोजावा. डिझेलचा हिशेब टाकी फुल ते टाकी फुल, म्हणजे एकदा पूर्ण भरल्यापासून पुन्हा पूर्ण भरेपर्यंत, धरावा.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार साधारणपणे दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे बंधन होते. केळी पिकतील म्हणून एकाच चालकाला दिल्लीपर्यंत जागवू नका. दुसऱ्या चालकाचा पगार भाड्यातच धरा.

– एक वाहतूक व्यावसायिक, सावदा