६४ चा हिशोब जुळला, त्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. ६, १०, १२, १४, १५ अशा, म्हणजे कोणत्याही एकाच मूळ संख्येचा घात नसलेल्या संख्या मोजण्याच्या आमच्या टिपणात तुम्ही ज्या दुरुस्त्या सुचवल्यात, त्यांबद्दल मनापासून आभार. इतरांनाही त्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुले ठेवत आहोत.

अशा संख्या मोजायला एकूण संख्यांतून बाकीच्या वजा करायच्या. पण मूळ संख्यांबरोबर सगळे वर्ग, घन आणि पुढचे घात सरसकट वजा केले की ३६ जाते. तिच्यात २ आणि ३ दोन्ही आहेत, ती राहायलाच हवी. ६४ तर ८ चा वर्ग, ४ चा घन आणि २ चा सहावा घात अशी तीनदा वजा होते. ‘पाया (ज्याचा घात करायचा ती संख्या) फक्त मूळ संख्याच घ्या’ या तुमच्या एका सूचनेने दोन्ही चुका गेल्या. आता १०० पर्यंतच्या मूळ संख्या २५, ज्यांचा वर्ग १०० च्या आत येतो अशा, म्हणजे वर्गमूळ १० पर्यंतच्या ४, तसेच घनमूळ ४.६ पर्यंत २; चौथ्या मुळापर्यंत २; पाचव्या, सहाव्यापर्यंत प्रत्येकी १. सातवे मूळ २ च्या खाली, तिथे थांबायचे. बेरीज ३५. १०० मधून ती आणि १ वजा करून उरतात ६४. हजारापर्यंत बेरीज १९३, उत्तर ८०६.

घनमूळाचा धोका आमच्या ध्यानातच आला नव्हता. संगणक १२५ चे घनमूळ ४.९९९… देऊ शकतो. पूर्णांक भाग ४ धरला की ५ सुटतो आणि १२५ पर्यंतचे उत्तर ८२ ऐवजी ८३ येते. म्हणून आलेल्या पूर्णांकात १ मिळवून त्याचा घन करून बघायचा. मूळ कितवेही असो, हे करावेच.

सर्वांत मोलाची तुमची लसाविची पडताळणी. १ पासून ५ पर्यंतचा लसावि ६०. ६ घेतला तरी ६०. ७ ला ४२०, ८ ला ८४०, ९ ला २५२०, १० ला पुन्हा २५२०. लसावि जिथे हलत नाही, तीच आपली संख्या, कारण तिचे मूळ-घाती तुकडे (जसे १२ चे ४ आणि ३) तिच्याहून लहान असल्याने आधीच येऊन गेलेले असतात. १०० पर्यंतच लसावि ४१ अंकी होतो, त्यामुळे ही रीत लहान मर्यादेपुरतीच. पण सूत्र तपासायला तेवढी पुरते.

१ आम्ही बाहेर ठेवला आहे, आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे ते पहिल्याच ओळीत लिहिले आहे. तो धरणाऱ्याला १०० पर्यंत ६५ मिळतील.

आपले कृतज्ञ,
टिपणाचे लेखक